खैरातीच्या तांदळातली मूठ

आमच्या मोहल्ल्यात भात टाकायच्या आधी बाई मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढते. जुम्म्याच्या आदल्या दिवशी मशिदीच्या जमातीचा माणूस पोतं घेऊन दारोदार फिरतो आणि डबे ओतून घेतो. मग ज्याच्या घरची चूल थंड पडलीय त्याच्याकडं ते तांदूळ जातात. माझ्या बायकोनं ही मूठ कधी चुकवली नाही. मी गाद्या भरायचो. फोमच्या गाद्या आल्या आणि आमचं काम बसलं. तांदळाच्या डब्याचा तळ दिसायला लागला तरी हिची मूठ आधी. मी खेकसायचो, "आपल्यालाच पुरंना, आन् तू दानशूर!"

"तुमचं पोट काय एका मुठीनं भरणार हाय व्हय?" ती म्हणायची.

मग तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी पाहुण्यांकडनं उसनं घेतलं, बचत गटाचं घेतलं, फायनान्सचं घेतलं. तरी ती गेलीच. जनाज्याच्या नमाजाआधी विचारतात, मयताकडं कुणाचं देणं असंल तर बोला. कुणी बोलायच्या आत मीच बोललो, "तिचं सगळं देणं माझ्या अंगावर. तिला मोकळी करा." तिथं डोळ्यांतनं टिपूस आलं नाही. घरी येऊन भात टाकला तो दोघांचा झाला, तवा आलं.

त्याच आठवड्यात जमातीचा माणूस आला. त्याचं भंगाराचं दुकान हाय. मनानं चांगला, तोंडानं फाटका. मी हिचा मुठीचा डबा पुढं केला, त्यानं हात लावला नाही. उलट पोत्यातनंच तांदळाची पिशवी भरून माझ्या उंबऱ्यावर ठेवली.

"चाचा, आता तुम्ही द्यायचं न्हाय, घ्यायचं. डोक्यावर कर्ज असताना खैरात करायची नसती."

"कुणी ठरिवलं?"

"जमातीनं."

"मला इचारलं?"

"त्यात इचारायचं काय? तुमच्या भल्याचंच हाय की."

पिशवी मी घेतली. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. हप्ता मी जुन्या गाद्या उसवून, कापूस पिंजून भरतोय आणि मरेपर्यंत भरीन. पण पोटाला तर लागतंच. डोकं फिरलं ते डबा परत केला म्हणून. उद्या मशिदीत मी चार शब्द बोलायला उठलो तर हेच म्हणणार, बसा चाचा, तुम्हाला पोचतंय न्हवं वेळच्या वेळी?

ते तांदूळ शिजवले. सगळ्या घरचे एकात मिसळलेले. रेशनचा जाडा, कुणाची कणी, कुणाचा घनसाळ. निम्मा लगदा झाला, निम्मा दाताखाली कचकचला. वास मात्र घनसाळाचा सुटला. कुणीतरी बाईनं घरातला चांगला तांदूळ काढून दिलेला. पोत्यात कोण बघतंय? कणी टाकली असती तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतनं आधी एक मूठ काढली आणि हिच्या डब्यात टाकली. माझी मूठ तिच्यापेक्षा मोठी. पण कमी केली नाही.

पुढच्या आठवड्याला तो आला. डब्यात डोकावून हसायलाच लागला.

"आवो चाचा, हे आमचंच तांदूळ आम्हालाच देताय व्हय?"

"मला दिलंस तवा ते माझं झालं का न्हाय?"

"झालं की."

"मग माझ्या तांदळाचं काय करायचं ते मी बघतो. तू कोण इचारणार?"

"आन् कर्ज?"

"फायनान्सवाला हप्त्याला मूठभर तांदूळ घील काय? घेत असंल तर सांग, त्यालाबी देतो."

"मौलानांना इचारून सांगतो."

"इचार की. पन्नासदा इचार. आदी पोत्याचं तोंड उघड."

गल्लीतल्या दोन बाया दारात येऊन बघत होत्या. त्यानं पोतं उघडलं. मी डबा ओतला, तळाला थाप मारून शेवटचा दाणाही झाडला.

"ऐकणार न्हाईसा तुम्ही," तो म्हणाला.

"न्हाय. आन् माझी ह्या आठवड्याची पिशवी कुठाय? ती आण हिकडं."