गालातली खडीसाखर

आमच्या सिडकोतल्या इमारतीत अंबिकाताई वरच्या मजल्यावर राहतात, मी खाली. त्यांचं वय पन्नाशीच्या जरा पुढं. त्या ब्लाउज शिवतात, आणि असे शिवतात की औरंगपुऱ्यातल्या दुकानांत ब्लाउज शिवून घेतलेल्या बायका शेवटी दुरुस्तीला त्यांच्याकडेच येतात. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून. म्हणून गेल्या दिवाळीनंतर त्या गप्प गप्प राहू लागल्या, तेव्हा जिन्यातल्या सगळ्यांच्याच ते लक्षात आलं.

त्यांचं तोंड भाजत होतं. जीभ, टाळू, ओठांची आतली बाजू. कढत चहाचा घोट घाईनं घेतल्यावर होतं तसं, फक्त ते थांबायचं नाव घेत नव्हतं. सकाळी कमी, दिवस चढेल तसं जास्त, आणि संध्याकाळी जीव नकोसा. पाळी जाऊन वर्ष होत आलं होतं. पण त्याचा तोंडाशी काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मीही गुलकंद खा, तूप लावा, असले सल्ले देऊन मोकळी झाले. आरशात बघावं तर फोड नाही, चट्टा नाही, जीभ लालसुद्धा नाही. त्यात जेवताना आग कमी व्हायची. झालं, घरात बोलणी सुरू. "जेवताना बरं भाजत नाही!"

काहीतरी चघळत राहिलं की बरं वाटतं, हे ताईंना त्यातूनच उमगलं. मग गालात खडीसाखरेचा खडा धरून त्या मशीनवर बसू लागल्या. शेजारी पाण्याची बाटली. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या या शहरात एवढं पाणी पिणं परवडतं का, म्हणून मी त्यांची थट्टाही केली. त्यांच्या फुगलेल्या गालाकडे घरात मात्र वेगळ्याच नजरेनं बघितलं जात होतं.

त्याला कारण होतं. ताईंचे यजमान लक्ष्मणराव एके काळी तंबाखूचे पक्के. काही वर्षांपूर्वी त्यांच्या गालात पांढरा चट्टा आला, डॉक्टरांनी दम दिला, आणि त्यांच्या एकुलत्या लेकीनं, स्वरालीनं, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्यांच्याकडून शपथ घेतली. शपथ जेमतेम एक पावसाळा टिकली. हे फक्त ताईंना ठाऊक होतं. पुडी ठेवायची जागा त्यांच्याच मशीनचा खण, कारण तिथं दुसरं कुणी हात घालत नसे. ताई भांडल्या, रुसल्या, पण लेकीच्या जिवाला लागेल म्हणून त्यांनी ते पोटात ठेवलं. लक्ष्मणरावांच्या थोरल्या बहिणीचा, द्वारकाबाईंचा, दर रविवारी पाचोडहून फोन यायचा. "खात नाय ना गं त्यो आता?" ताई म्हणायच्या, "नाही हो अक्का."

मार्चमध्ये स्वरालीनं तो खण उघडला. आईचं भाजणारं तोंड, फुगलेला गाल, चिडचिड. बँकेत नोकरी करणारी हुशार पोरगी, तिनं आपलं गणित मांडलं होतं. पुडी हातात धरून ती रडायला लागली. "आई, बाबांचं एवढं होऊनही तू?"

लक्ष्मणराव समोरच पेपर वाचत होते. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं अंबिका, हे काय? माझी अवस्था बघून तरी..."

ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एरवी मला लक्ष्मणराव आवडायचे; जिन्यात भेटले की दोन पिशव्यांपैकी एक उचलणारा माणूस.

"मग तुम्ही तिथल्या तिथं का नाही सांगितलंत?" मी म्हणाले.

"वाट बघत होते गं निशा. वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, पोरगी झोपली की माफी तरी मागतील."

माफी नाहीच. उलट दुसऱ्या आठवड्यात बापलेक मिळून ताईंना दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तंबाखू खाता का? ताईंच्या आधी लक्ष्मणराव बोलले, "खाते थोडी. सोडवायचीय."

बाईंनी बॅटरी लावून हिरड्या, गाल, जिभेच्या कडा सावकाश तपासल्या. "या तोंडात तंबाखूची एक खूण नाही," त्या म्हणाल्या. पाळी जाण्याच्या वयात पुष्कळ बायकांचं तोंड असं भाजतं, वरून काही दिसत नाही, पण आग खरी असते. रक्त तपासून घेऊ, औषध देऊ, वेळ लागेल. स्वरालीनं वळून वडिलांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

घरी आल्यावर म्हणाले, "मी सांगणारच होतो."

"कधी?" ताईंनी विचारलं.

त्या रविवारी मी साडीला फॉल लावायला द्यायला वर गेले होते. फोन वाजला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला आणि लक्ष्मणरावांसमोर टेबलावर ठेवला.

"खात नाय ना गं त्यो?" द्वारकाबाईंचा नेहमीचा प्रश्न.

"खातात, अक्का. रोज खातात. माझ्या खणात ठेवतात. पुडी सापडली तर माझं नाव पुढं केलं, लेकीसमोर आणि डॉक्टरांसमोर. माझं तोंड दिवाळीपासून भाजतंय, आणि यांनी त्याच्याआड लपून घेतलं."

लक्ष्मणरावांचा हात फोनकडे गेला. स्वरालीनं तो मध्येच धरला. मला वाटलं, म्हातारी आता भावाला फैलावर घेणार.

"त्याचं ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुझं तोंड लई भाजतं का गं बाई?"

तेव्हा कुठं ताई रडल्या. पदर तोंडात कोंबून रडल्या. लक्ष्मणराव हातभर अंतरावर बसले होते, आणि हा साधा प्रश्न त्यांनी इतक्या महिन्यांत एकदाही विचारला नव्हता.