दूधगंगेतलं बेट आणि दुसरी घागर

कुणाचं भलं करायला निघून तुम्ही त्याचाच अपमान केलाय का कधी? बोरगावच्या प्रेमलाबाईंनी केला.

एकोणीसशे एकतीस सालच्या पौषात, ऐन थंडीत, बाईंनी वाचनवर्गातल्या नऊ पोरींना एक दिवस दूधगंगेतल्या बेटावर न्यायचं ठरवलं. बाई जैन, विधवा. गावानं तोंडं वाकडी केली तरी महारवाड्यातल्या चौदा वर्षांच्या हौसाला त्यांनीच वर्गात आणलं होतं. हौसा पहिल्यांदाच नावेत बसणार होती.

आदल्या दिवशी बाईंनी बेत सांगितला. "उन्हं वर आली की नाव सुटंल. दिवस मावळायच्या आत जेवायचं. कांदा-लसूण कुणी आणायचं न्हाय. गाळलेल्या पाण्याच्या दोन घागरी. एक सगळ्यांची, एक हौसाची."

बाकीच्या पोरींच्या आया विटाळावरून कटकट करतील, म्हणून बाईंनी आधीच वाट काढली होती. खरं तर वेगळी घागर मागितली कुणीच नव्हती!

"अख्खी घागर एकटीला? लई मजा हाय गं तुझी!" वर्गातली पद्मा खिदळली.

हौसा हसली नाही. "बाई, आमच्यात बी पाणी गाळूनच पित्यात," एवढंच म्हणाली.

सकाळी नाव तासभर खोळंबली, पण हौसा आली नाही. वर्गातही पुन्हा आली नाही. बाई तीनदा तिच्या दारी गेल्या. हौसाच्या आईनं बसायला घोंगडं टाकलं, पाणी मात्र विचारलं नाही. मागायचं धाडस बाईंनाही झालं नाही.

पोरांना कुठं नेणार असाल, तर एवढं करा: निघायच्या आधी ती दुसरी घागर फोडा.