हातवाला आणि ढगवाला

वाळूजच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो, तेव्हा बजाजनगरात एका खोलीत एकटाच राहायचो. सुट्टीच्या दिवशी शहरात जाऊन औरंगपुऱ्याच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळायची, एवढाच नाद. तिथंच मला इंग्रजी युद्धकथांची चित्रपुस्तकं सापडली. तळहाताएवढी, आतून निव्वळ काळी-पांढरी. कथा सगळ्या सारख्याच असायच्या, त्या मी क्वचितच वाचायचो. मला ओढ होती ती शाईची. दिवसभर पट्टी धरून एकाच जाडीच्या रेघा मारणाऱ्या माणसाला ती रेघ बघून हेवा वाटायचा. सैनिकाच्या खांद्यावर जाड सुरू व्हायची आणि मनगटापाशी केसासारखी बारीक होऊन विरायची. पाऊस तर काढलेलाच नसायचा. काळ्या शाईवर पात्यानं खरवडलं, की झाला पाऊस.

लग्न झालं तेव्हा ही पुस्तकं मी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत सारली. बायको अजिंठ्याची, शेतकऱ्याची पोर. नव्या माणसानं हसू नये एवढंच मनात होतं. पहिले काही आठवडे आमचं बोलणं म्हणजे "वाढू का?" आणि "वाढ."

एकदा पहिली पाळी करून आलो, तर पेटी उघडी आणि पुस्तकं चटईवर पसरलेली. मी दारातच थबकलो. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, ह्या पोराला पळून जायचंय, व्हय ना?"

"कोणत्या?"

"ह्यो बघा. समदे पुढं बघायलेत, ह्याचे पाय मागं वळलेत."

मी ते पुस्तक किती वेळा चाळलं होतं, पण पायांकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. त्याच्या तोंडापाशी काढलेल्या फुग्यातलं इंग्रजी वाचून दाखवलं. त्यात तो पोरगा 'चला, हल्ला करू' असं काहीतरी ओरडत होता. ती म्हणाली, "तोंडानं म्हणत असंल."

त्या दिवसापासून आमचा रिवाज पडला. जेवणं आटोपली की ती चित्रांवरून गोष्ट सांगायची आणि मग मी छापलेली वाचायचो. तिची गोष्ट बहुतेक वेळा बरी असायची. तिच्या गोष्टीत कुणीतरी भुकेला असायचा, कुणाला घर आठवायचं. "एक बी बाई नाय ह्याच्यात," ती एकदा म्हणाली. "म्हणून लढाई कधी थांबवावी ते कुणाला कळंना."

त्या पुस्तकांवर चित्रकाराचं नाव नसे. माझ्या तेही कधी ध्यानात आलं नव्हतं. तिनं मात्र एक दिवस दोन पुस्तकं शेजारी ठेवली. "हे एकाच माणसाचं हाय. हात बघा." खरंच होतं. त्या माणसाचे सैनिक हातांनी बोलायचे. कुणी पट्ट्यात अंगठा अडकवलेला, कुणी ओल्या काडेपेटीभोवती ओंजळ धरलेली. त्याचं नाव आम्ही ठेवलं हातवाला. दुसरा विमानांच्या गोष्टी काढायचा आणि पानभर आभाळ मोकळं सोडायचा, तो ढगवाला. आम्ही पुस्तकांचे ढीग लावले, भांडत भांडत. ढगवाल्यावरून तर आमचा दोन दिवस अबोला होता, कारण एक पाणबुडीची गोष्ट मी त्याची म्हणत होतो आणि ती मानायला तयार नव्हती.

दिवाळीला सासुरवाडीला गेलो, तेव्हा ती मला लेणी बघायला घेऊन गेली. एका भिंतीवर लढाई आहे, हत्तींची नि भाल्यांची दाटी. आतल्या माणसानं दिवा धरला आणि आम्ही दोघंही एकदमच हातांकडं बघायला लागलो. "हे दोघांनी काढलंय," ती कुजबुजली. दिवा धरणारा माणूस म्हणाला, "बाई, हजारो वर्षं झाली त्याला." ती म्हणाली, "तरी बी दोघंच."

पुढं मुलं झाली, खोलीची दोन खोल्यांची जागा झाली. फुटपाथवर तसली पुस्तकं येईनाशी झाली. एका सुट्टीला मला एकच सापडलं, कव्हर नसलेलं. घरी आणून तिच्या हातात दिलं. ती शेवटपर्यंत बघत गेली, मग पुन्हा पहिल्या पानाकडं वळली.

"हातवाला हाय," ती म्हणाली. "पण हात लपवलेत."

मी शेजारी बसून पाहिलं. सगळे सैनिक खिशात हात घालून उभे होते, नाहीतर खोक्यांमागं, धुक्यात, कमरेएवढ्या गवतात. चेहरे तेच, खांद्यावरची जाड रेघ तीच, फक्त मनगटाच्या जरा अलीकडं ती थांबत होती. एका चौकटीत तेवढा एक हात होता, चहाचा मग धरलेला. त्याची रेघ थरथरत गेली होती.

"म्हातारा झाला असंल," मी म्हणालो.

"नायतर दुखणं असंल काही. माझ्या बापाचं असंच झालं होतं, घास तोंडापर्यंत जाईना." तिनं त्या मगावरून बोट फिरवलं. "तरी एक काढलाच की."

तो माणूस कुठल्या गावचा, तेव्हा होता की नव्हता, आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्या दिवशी घरातलंच कुणी आजारी असावं तसे आम्ही बसलो होतो. मुलं बाहेरून आरडाओरडा करत आली, तिनं त्यांना "हळू रे" म्हणून दटावलं. मग पुस्तक माझ्याकडं सरकवलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, स्वतः गोष्ट न सांगता म्हणाली, "आज तुम्हीच वाचा. त्यानं लिव्हलंय तसंच."

मी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.