वहिनींचा भूगोल

वहिनी गेल्या हे मला गोदीच्या फाटकावर कळलं, आणि खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो हा की ही थाप आहे. निरोप घेऊन आलेला मनुष्य त्यांच्याच चाळीतला, माझगावचा, माझ्या चांगल्या ओळखीचा. डोळे लाल झालेले. तरी मी त्याला विचारलंच, तू स्वतः पाहिलंस का? मुलं कुठे आहेत? दार कोणी उघडलं? बिचारा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पण ज्या बाईंनी आपली मुलं आमच्या हाती लागू नयेत म्हणून एकदा कोणाला पत्ता न देता बिऱ्हाड हलवलं होतं, त्या मेल्याचं सोंगही करतील, असं मला वाटलं. माझा जन्म जकातीच्या कचेरीत गेला. पेटीवर काय लिहिलंय त्यावर जायचं नाही, पेटी ठोकून बघायची, हा माझा धंदा. आणि धंदा माणसाच्या अंगात मुरतो. मी तसाच माझगावला गेलो, जिना चढलो. सोंग नव्हतं... आज या गोष्टीला काही आठवडे झाले, आणि चाळीत अजून कुजबुजतात की ताप गाठीचा, म्हणजे प्लेगचा होता. नव्हता. मी डॉक्टरला उलटसुलट विचारून खात्री करून घेतली आहे. साधा ताप, आणि अंगात न राहिलेलं बळ.

वहिनी, म्हणजे रुक्मिणीबाई, माझ्या थोरल्या भावाची, वामनची बायको. वामन शाळामास्तर होता. पाद्रीसाहेबांशी वाद घालायला म्हणून जायला लागला, आणि एके दिवशी बायको आणि तान्हा मुलगा यांच्यासकट बाप्तिस्मा घेऊन आला. त्या दिवशी आमच्या गिरगावच्या घरी नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जिवंत मुलाच्या नावाने घागर फोडली आणि स्नान केलं. पुढे धाकटी मुलगी पाळण्यात असतानाच वामन छातीच्या दुखण्याने गेला. नानांनी तेव्हा दुसऱ्यांदा स्नान केलं नाही, पण जेवलेही नाहीत. मग त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मुलगा हातचा गेला, नातू जाता कामा नये. आमच्या घरात आठव्या वर्षी मुंज होते. मुलाला त्याआधी आणायचं, प्रायश्चित्त द्यायचं, मुंज लावायची. त्याचं योहान हे नाव नानांनी कधी उच्चारलं नाही. 'वामनचा मुलगा' एवढंच म्हणायचे.

मला त्यांनी दर रविवारी माझगावला धाडायला सुरुवात केली. काका म्हणून मला दार उघडलं जाई, यापलीकडे माझी लायकी काही नव्हती. ती बाई मुलांना काय शिकवते, ते बघून ये, असं नानांचं सांगणं. कारण वहिनी मुलांना शाळेत धाडत नसत. मिशनची शाळा हाकेच्या अंतरावर, फी माफ, मडमेने स्वतः येऊन दोनदा विनवणी केलेली. घाटावरच्या बोर्डिंगातही जागा देऊ केली होती. वहिनींचं उत्तर एकच, मुलं घरीच शिकतील. सकाळी प्रार्थना, मग शुभवर्तमानातलं वाचन, मग पाढे, आणि मग आणखी काहीतरी... ते काहीतरी कोणालाच ठाऊक नव्हतं. पाद्रीसाहेबांनी मला एकदा जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, या बाई मुलांना आत काय शिकवतात? त्यांना वाटत होतं की दार लावून जुन्या देवांच्या कहाण्या चालतात. नाना आणि पाद्रीसाहेब जन्मात एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, पण प्रश्न दोघांचा एकच होता. मला गंमत वाटली, आणि संशयही दुप्पट झाला.

मी दार वाजवलं की आतलं म्हणणं एकदम थांबे. मग कडी निघे, फटीतून वहिनींचा एक डोळा दिसे, आणि माझ्या खांद्यावरून जिन्यात आणखी कोणी उभं नाही ना, हे बघून झाल्यावर मी आत. योहान आणि धाकटी मार्था भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसलेली, शहाण्यासारखी. पाट्या पुसलेल्या. मी एकदा सहज पाटीवर बोट फिरवलं, तर ती ओली होती. म्हणजे मी जिना चढत असताना पुसलेली! आता जी गोष्ट सरळ आहे ती घाईघाईने पुसायची कशाला? मी नाही नाही ते तर्क केले. आजोबा राक्षस आहेत असं शिकवत असतील. आमच्या देवांना नावं ठेवायला शिकवत असतील. वहिनी मला पाणी विचारत नसत. एकदा मे महिन्यात माझा घसा इतका सुकला की मी मडक्याकडे बघायला लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी विचारत नाही, कारण तुम्हाला नाही म्हणावं लागेल. उगाच दोघांनाही त्रास." हा भला स्वभाव की टोमणा, हे मला रस्ताभर ठरवता आलं नाही.

शेवटी एका रविवारी मी वाहाणा खाली जिन्यातच काढल्या आणि अनवाणी वर गेलो. दाराला कान लावला. योहान पाढ्यासारखं घडाघडा म्हणत होता. मागचं दार, खिट्टी वर उचलायची, मग आपल्याकडे ओढायची, ढकलायची नाही. बाहेर विहीर, ती उजव्या हाताला ठेवायची. गल्ली संपली की ट्रामचे रूळ. ठाकूरद्वार. मग पांजरापोळ, गाईंचा वास येईल. तलाव. भेंडीबाजार, तिथे कोणाचं बोट धरायचं नाही. मोठं इस्पितळ. मग टेकडी दिसेल... मी कान दारापासून काढला. ती खिट्टी आमची होती. ती विहीर आमची होती. कळत्या वयात या मुलांनी आमचं घर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांना आमच्या मागच्या दाराची खोड माहीत होती!

मी दार ठोठावलं, आत गेलो आणि हा कसला धडा म्हणून ओरडलो. वहिनी म्हणाल्या, "भूगोल."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. नांदत्या घरातून, आजोबांच्या घरातून पळून जायला मुलांना शिकवता, तुम्हाला काही वाटतं का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी मार्थाच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "पळून जायला नाही, भाऊजी. घरी यायला शिकवते."

घरी येऊन मी हे सगळं नानांना सांगितलं, संतापून, हातवारे करून. मला वाटलं, तेही माझ्यासारखे चिडतील. ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं, मागच्या दाराची जुनी लाकडी खिट्टी काढली आणि लोखंडी कडी बसवून तिला कुलूप घातलं. मी कामावर जाताना ते कुलूप पाहिलं आणि जागीच थांबलो. आमच्या कचेरीत साधा हिशेब असतो, ज्या जुन्या पेटीला नवं कुलूप दिसतं ती पेटी आधी उघडायची. जो मनुष्य मुलाला जबरदस्तीने आणणार नाही, तो मागचं दार कशाला बंद करील? इतके दिवस मी ज्या बाईंवर पाळत ठेवली होती, त्यांची भीती खरी होती. पुढच्या रविवारी मी वहिनींना एवढंच सांगितलं की मागच्या दाराला आता कुलूप आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी हे का सांगतोय, कोणी सांगायला लावलंय, हे त्या माझ्या चेहऱ्यावर शोधत होत्या. मग योहानकडे वळून म्हणाल्या, तर मग पुढचं दार. आणि पाटी माझ्यासमोरच हातात घेतली.

नानांनी मुलाला आणलंच. वहिनींच्या ख्रिस्ती देवळाच्या दारातून, उपासना सुटताना गर्दीत वहिनी मार्थाला उचलून घेत होत्या तेवढ्यात, स्वतः जाऊन, भाड्याच्या शिग्राम घोडागाडीतून. त्या दिवशी गोदीत बोट लागली होती म्हणून रविवार असूनही मी कामावर होतो. दिवेलागणीला घरी आलो तर पुढच्या उंबरठ्यावर नाना पाय आखडून बसलेले, आणि आत झोपाळ्याजवळ योहान उभा. डोक्यावर नवी जरीची टोपी. बाजूला जिलबीचं ताट, न शिवलेलं. सकाळी मुलाचं डोकं करायला न्हावी यायचा होता. मला वाटलं, मुलगा रडून रडून थकला असेल. रडला नव्हता.

काय घडलं ते नानांनीच मला सांगितलं, तुटक तुटक. दुपारी त्यांनी मागच्या दाराचं कुलूप तपासलं आणि पुढच्या दारात, उंबरठ्याला लागून, आडवी चटई टाकून तिथेच पडले. म्हातारं माणूस, डोळा लागला. उकाड्यापायी दार सताड उघडं. जागे झाले ते दचकून, मुलगा गेला असं वाटूनच उठले. तर मुलगा त्यांच्या पायाशी बसलेला. त्यांनी विचारलं, तू गेला नाहीस? तर मुलगा म्हणाला, "तुम्ही निजला होतात. निजलेल्या मोठ्या माणसाला ओलांडून जात नाहीत. आता उठलात, तर जाऊ?"

हे कोणी शिकवलं, असं नानांनी त्याला दरडावून विचारलं. आईने, म्हणाला.

नाना मला हे सांगत होते आणि उंबरठ्याचं लाकूड नखाने खरवडत होते. ही आमच्या घरातली शिस्त. आमच्या आईने नव्या सुनेला पहिल्या महिन्यात शिकवलेली. नानांची अशी समजूत होती की बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर ते सगळं वाहून गेलं... घराची वाट शिकवणाऱ्या त्या बाईंनी पोराच्या पायात हाही एक धडा अडकवून ठेवला होता, आणि त्या धड्यापायी वहिनींचाच मुलगा जवळजवळ त्यांच्या हातून गेला होता. नाना उठले. दारातून बाजूला झाले. पोहोचवून ये याला, म्हणाले. मी वाहाणा घालेपर्यंत पुटपुटतच होते, यातही तिचा काहीतरी डाव असेल, बघ तू.

ट्राममध्ये बसू म्हटलं तर योहान तयार होईना. चालतच गेलो, तो पुढे, मी मागे. पांजरापोळापाशी त्याने मान वळवून मला सांगितलं, इथे गाईंचा वास येतो. वहिनी चाळीच्या दारात उभ्या होत्या, मार्था कडेवर, पदर कुठे, भान कुठे. त्यांनी मुलाला जवळ ओढलं, टोपी काढली आणि आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून केस सगळे आहेत ना ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आभार वगैरे काही नाही. वर गेल्या आणि कडी लावल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही लावली असती.

गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला, तेव्हा एका रविवारी त्या आपण होऊन बोलल्या. बोर्डिंगात मुलांना धाडू नका. मी स्वतः तिथे काम केलंय, तिथली मुलं रात्री कोणाला हाक मारतात ते मला ठाऊक आहे, असं म्हणाल्या. मला काही झालं तर मुलं तुमच्याकडे. दर रविवारी त्यांना देवळात न्यायचं. मुंज नाही. आणि शेवटी, "दाराला कडी घालायची नाही. पुढच्या नाही, मागच्या नाही. शब्द द्या." ही माझी परीक्षा चालली आहे, मी हावरेपणाने हो म्हणतो का ते बघतायत, असं वाटून मी आधी त्यांचा चेहरा निरखला. मग शब्द दिला. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मुलं गिरगावात माझ्याकडे आहेत, मागच्या पडवीत. जातवाल्यांनी आमच्याकडे येणं बंद केलं आहे. नानांनी मात्र मागचं कुलूप स्वतःच्या हाताने काढलं. रविवारी मी देवळाच्या पायरीवर बसून असतो, आत काय चाललंय याकडे कान देऊन. सवय जात नाही. सकाळी योहान मार्थाला शिकवतो. प्रार्थना, वाचन, पाढे. चौथा धडा त्याने सोडून दिला आहे. वहिनी, तुमची फार आठवण येते हो, हे मी तुमच्या हयातीत तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही माझ्या पाठीमागे कोण उभं आहे ते आधी पाहिलं असतं...

परवा तिन्हीसांजेला मी पडवीत आलो तर योहान मागच्या दारापाशी उभा. त्याने दार लोटलं आणि टाचा उंचावून ती लोखंडी कडी लावली. मी विचारलं, का रे, कडी का लावलीस?

"तिकडे माझगावला आता दार उघडायला कोणी नाही," तो म्हणाला, आणि मार्थाजवळ जाऊन बसला.

  मी पुढे होऊन कडी काढली.