सप्तपर्णीची साल

आमच्या कात्रजच्या सोसायटीत फाटकाशी एक सप्तपर्णी आहे. झाड मूळचं सह्याद्रीतल्या ओल्या जंगलातलं; आम्ही त्याला पार्किंगच्या फरशीत उभं केलंय. ऑक्टोबरात फुललं की वासानं डोकी दुखतात, म्हणून गेल्या वर्षी ते तोडायचा ठराव आला. मी विरोधात पत्रकं वाटली : सावली, पक्षी, जमिनीतलं पाणी. अध्यक्षांनी पत्रक चष्म्याजवळ धरून वाचलं.

"सावली ठीक आहे हो. पण उपयोग काय त्याचा?"

झाड वाचलं ते माझ्या पत्रकामुळे नव्हेच. सभेत कुणीतरी म्हणालं, याच्या सालीचा काढा तापावर देतात. अध्यक्ष एकदम मवाळ झाले. आठवड्याच्या आत खोडाला पाटी लागली : 'औषधी वृक्ष. साल हिवतापावर व जुलाबावर, चीक जखमेवर.' मला ते पटलं नाही. जगायचं तर झाडानं आधी आपल्या उपयोगी पडायचं, हा कुठला न्याय? आणि ताप आला तर रक्त तपासावं, पाटी वाचू नये. पण ठराव बारगळला होता, म्हणून पाटी राहू दिली.

यंदा पावसाळ्यात तापाची साथ आली आणि लोक साल सोलू लागले. छातीच्या उंचीला खोड उघडं पडलं, पांढरा चीक ओघळत राहिला. साल गोल सगळीकडून निघाली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत जात नाही. झाड उभ्याउभ्या मरतं. तळहाताएवढी पट्टी तेवढी उरली होती. तिच्यासमोर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सुरी घेऊन उभ्या.

"काकू, थांबा! एवढी निघाली तर झाड मेलंच."

"पाटीवर लिहिलंय की गं. ह्यांना थंडी वाजून ताप येतोय, त्याचं काय?"

"रक्त तपासलंत?"

"काढ्यानं उतरला नाही तर तपासू."

"उतरला?"

"कुठला! तोंड कडू झालं नुसतं."

पत्रकातली सगळी वाक्यं जिभेवर आली होती. गिळली. "काकांना खाली आणा, मी गाडी काढते."

मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या.

काकूंनी मग खोडाला शेणमातीचा लेप दिला, वर जुनी साडी गुंडाळली. अध्यक्ष एकदा काकूंकडे चिमूटभर साल मागायला आले, पोटासाठी.

"जुलाब होतायत का?"

"नाही, आपलं असावी घरात."

"मग होऊ द्या आधी. आणि झाले की दवाखान्यात जा."

परवा साडी सोडून पाहिली. पट्टीच्या दोन्ही कडा नव्या सालीनं जाडसर झाल्यात. बोट फिरवलं की कळतं.