जड हाताचा शेडगे

शेडगे रोज सकाळी कामाला लागण्याआधी कॉम्प्युटरच्या कार्ड रीडरला एक बुक्की मारायचा. देवाला नमस्कार करावा तितक्या नेमाने. आधी शर्टाची उजवी बाही वर सरकवायची, यंत्राच्या कुशीत एक ठोसा द्यायचा आणि मग कार्डांचा गठ्ठा त्याच्या तोंडात ठेवायचा. तळेगावजवळच्या त्या कारखान्यात मी प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिलं दर्शन घडलं ते या ठोशाचं. परदेशातून बोटीने आलेलं यंत्र, त्याच्यासाठी खास थंड केलेली खोली, आत शिरताना आम्हांला चपलासुद्धा बाहेर काढायला लावत, आणि हा गडी त्याला अडलेल्या बैलासारखा बडवत होता. मी दचकलेली बघून म्हणाला, "घाबरू नका बाई. धाक नसला की कार्डं चावतंय त्ये."

आणि खरंच, त्या दिवशी यंत्राने एकही कार्ड चावलं नाही.

ज्ञानेश्वर शेडगे हे त्याचं कागदावरचं नाव. घरी गेनू. पवनेच्या खोऱ्यातला, गणितात बी.एस्सी. झालेला, अंगाने आडवा, डाव्या भुवईतून एक पांढरा व्रण गेलेला. बोलणं अस्सल मावळी. पण त्याला पुणेरी शुद्ध भाषा येत नव्हती असं कुणी समजू नये. उत्तम यायची. फक्त ती तो एकाच प्रसंगी वापरायचा. शेडगे शुद्ध बोलायला लागला, की समजायचं, आता हात उठणार. हे मला आमच्या विभागातल्या पेंडशांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि मी ते थट्टेवारी नेलं होतं.

त्या काळी प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ. क्रम बिघडला की सगळं मुसळ केरात. एकदा माझ्या पगाराच्या प्रोग्रॅमात चूक निघाली, तेव्हा आमच्या साहेबांनी अख्खा गठ्ठा माझ्या देखत फरशीवर भिरकावला. "घरी जाऊन पोळ्या लाटा," म्हणाले. महिनाभराचं काम खोलीभर पसरलं. मी रडायचं नाही असं ठरवून उभी होते, तेवढ्यात मागून शेडग्याचा आवाज आला, "साहेब, आपण कृपया ती कार्डं उचलून द्यावीत." पेंडसे झटकन भिंतीला चिकटले. साहेब हसले. पुढे काय झालं ते नीट दिसलंच नाही, फक्त आवाज ऐकू आला. साहेबांचा चष्मा प्रिंटरखाली सापडला आणि साहेब टेबलाखाली. नाकातून रक्त गळत होतं, ते कार्डांवर सांडलं.

शेडगे निलंबित झाला. यंत्र दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हतं म्हणून त्याला परत घेतलं. आल्या आल्या त्याने माझ्यासमोर एक तांबडी पेन्सिल ठेवली. "गठ्ठा उभा धरायचा, वरच्या कडंवर ह्या टोकापासनं त्या टोकापत्तूर तिरपी रेघ मारायची. सांडला तर रेघ जुळवायची, क्रम आपोआप लागतोय." मग म्हणाला, "दर टायमाला मी न्हाई पुरा पडायचा." त्याचा हात उठणं मला मुळीच पसंत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलंही. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी साहेबांना टेबलाखाली बघून मला बरं वाटलं होतं.

हा जडपणा आला कुठून, हे त्याने एकदाच सांगितलं. धरणात गाव जायचं ठरलं, तेव्हा उठायचं की अडून बसायचं यावरून गाव आपसांतच फुटलं. शेडग्याचा बाप उठायला तयार झाला. चुलता म्हणाला, तू फितूर. घरासमोरच, जोत्यावर, कुऱ्हाडीच्या दांड्याने बापाचं डोकं फुटलं. भुवईवरचा व्रण त्याच दिवसाचा. "बा वरीसभर अंथरुणावर हुता. गेला. म्या चुलत्याचा हात मोडला, दोन जागी. त्यो कदी जुळला न्हाई," तो सांगत होता. "आता ज्या जोत्यावर डोकी फुटली त्या जोत्यावर मासं फिरत्यात. चुलता बी उठला, आमी बी उठलो. मारामारी तेवढी फुकट गेली."

यातून तो काही शिकला असेल असं वाटून मी विचारलं, "मग अजून हात का उचलता?"

"सवय, बाई. दुसरं काय वतनात ऱ्हायलं?"

दुपारच्या सुट्टीत आमचा एक खेळ चाले. कार्डांचं रिकामं खोकं उपडं घालून त्यावर पेंडसे साहेब होऊन बसायचे आणि आमच्या मुलाखती घ्यायचे. पेंडसे लोणावळ्याचे, अंगाने काडी, जिभेने दुधारी. प्रत्येक प्रोग्रॅमरच्या मनात तेव्हा कुठली ना कुठली मुलाखत घोळत असे. कुणाला मुंबई खुणावत होती, कुणाला बडोदा, कुणी तर अमेरिकेची नकाशातली गावं पाठ करत होता. शेडगे अर्ज कुठेच करत नव्हता, पण खोक्यासमोर उभा मात्र आवडीने राहायचा.

"ही नोकरी आपल्याला का हवी?" पेंडसे विचारत.

"तुमच्या खुर्चीवर पंखा हाय म्हनून."

"आपले छंद?"

"कुस्ती बघनं. आन् लय येळ बघवत न्हाई, मग करनं."

"बरं. कामासाठी बाहेरगावी जायची तयारी आहे?"

"न्हाई."

"नापास. पुढचा!"

दर वेळी तो याच प्रश्नावर नापास व्हायचा. आम्ही हसायचो, तोही हसायचा. म्हणायचा, "माजी बदली एकदा झाली. पान्यानं केली. पुन्यांदा न्हाई."

एकदा पेंडशांची जीभ घसरली. "आपलं मूळ गाव?" त्यांनी विचारलं. "बुडालं," शेडगे म्हणाला. "मग आपल्याला पोहता येत असेलच," असं म्हणून पेंडसे आमच्याकडे बघत हसले. शेडगे शांतपणे म्हणाला, "पेंडसे, आपण जरा उभे राहता का?" पेंडसे उठले नाहीत, म्हणून त्याने त्यांना कॉलरला धरून उठवलं आणि मग खाली पाडलं. पुढचा एक दात खोक्यावर पडला. त्याच संध्याकाळी तो पेंडशांना लोणावळ्याच्या दंतवैद्याकडे घेऊन गेला, खुर्चीशेजारी त्यांचा हात धरून उभा राहिला आणि पेंडसे ओरडले तेव्हा दंतवैद्याला म्हणाला, "जपून की वो, मानूस हाय." दुसऱ्या दिवशी पानाच्या द्रोणात करवंदं आणून त्यांच्या टेबलावर ठेवली. "दात पाडनं सोपं, बसवनं अवघड," एवढीच त्याची माफी. पेंडशांनी पुढे जन्मभर चिक्की एका बाजूने खाल्ली आणि शेडग्याशी मैत्री मात्र दोन्ही बाजूंनी केली.

मग एक दिवस खरंच नोटीस लागली. यंत्र मुंबईच्या मुख्य कचेरीत जाणार. यंत्राबरोबर ज्याला जायचं त्याने नव्याने मुलाखत द्यायची, न जाणाऱ्याने राजीनामा. माझं लग्न तळेगावातच ठरलं होतं, त्यामुळे माझा प्रश्न सुटलेला होता. पेंडसे तर मुलाखतीच्या टायची गाठ त्याच दुपारपासून घालायला लागले. शेडगे मात्र म्हणाला, "म्या जात न्हाई." आसपास कुठे दुसरं असलं यंत्र नव्हतं. मग करणार काय? "रस्त्यावर खडी फोडीन. हात हायती की."

खरी अडचण आईची होती. पाण्याच्या काठाला, पवनानगरच्या पलीकडे, पत्र्याच्या खोलीत सरूमावशी एकटी राहायची आणि तिथून हलायला तयार नव्हती. "तिला सोडून गेलो तर पान्यात उतरंल ती," शेडगे म्हणायचा. असं यंत्राशी बोलणारं माणूस खडीवर जाऊन बसणार, हे आम्हांला बघवेना. मी आणि पेंडसे एसटीने मावशीला भेटायला निघालो. आमच्यावर नजर ठेवायला शेडगेही बरोबर आला.

वैशाख होता. पाणी पार खाली गेलं होतं आणि बुडालेल्या घरांची जोती उघडी पडली होती. दरवर्षी या दिवसांत उठून गेलेली माणसं आपापल्या जोत्यावर येतात, गाळ खरवडतात, शेणाने सारवतात, दिवा लावतात. पुढे पाणी चढलं की सगळं परत बुडतं, हे ठाऊक असूनही सारवतात. सरूमावशी तेच करत होती. लेकासारखीच आडवी, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले.

पेंडशांनी तिला सगळं समजावून सांगितलं. ती सारवता सारवता ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "हा येतो म्हनलाय का?"

"म्या कुटं जात न्हाई, आये," शेडगे म्हणाला.

"का?"

"तू हितं हायेस म्हनून."

ती उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सारवत्या हाताने त्याच्या मुस्काटात अशी मारली, की तो अंगापिंडाचा गडी दोन पावलं मागे कलंडला. नाकातून रक्ताची धार लागली. "तुज्या बानं ह्या जोत्यापाई डोकं फोडून घेतलं. तू बी हितंच बसून फोडून घेनार?" पुन्हा हात उठला, पुन्हा बसला. "मला पान्यानं उठिवलं. तुला म्या उठिवते. जा." मी मध्ये पडायला गेले तर पेंडशांनी मला मागे ओढलं. शेडग्याने हात वर केला नाही, मान फिरवली नाही, फक्त उभा राहून खात होता. आयुष्यात त्याला कुणी मारल्याचं मी पाहिलं ते एवढंच. ती दमली तेव्हा खाली बसली आणि पुन्हा सारवायला लागली.

परतीच्या एसटीत त्याच्या गालावर शेणाची पाच बोटं वाळत होती. मी रुमाल पुढे केला. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

मुलाखत झाली. मुंबईहून आला आणि आम्ही विचारायच्या आत त्याने खोकं उपडं घालून पेंडशांना वर बसवलं. "इचारा."

"छंद?"

"वाचन."

"बाहेरगावी जायची तयारी आहे?"

"होय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खोटं बोलायला गेलतो, बोलून आलो. पास." त्या दिवशी आम्ही खूप हसलो. मला त्याच्यासाठी मनापासून आनंद झाला होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पेंडशांनी सांगितलं ते सांगते. मुंबईच्या कचेरीत यंत्र आल्यावर हिशेबाच्या कारकुनांची कपात होणार अशी आवई उठली. ती आवई नव्हती, खरंच होतं. वर्ष सरता सरता संप झाला आणि एका दुपारी कारकून आणि हमाल मिळून यंत्राच्या खोलीवर चालून आले. हातात पाइप, खुर्च्यांचे पाय. बाकीचे मागच्या दाराने पळाले. शेडगे दारात उभा राहिला. पेंडसे त्याला ओढत होते. त्यांच्या मनात एकच, आता हा शुद्ध बोलायला लागणार आणि दोघा-तिघांचा जीव जाणार.

"तो शुद्ध बोललाच नाही हो," पेंडसे मला सांगताना लहान पोरासारखे रडले. "शेवटपर्यंत गावाकडचंच बोलत होता. मला म्हणाला, ह्यांचं बी गाव बुडाया लागलंय, पेंडसे, ह्यांस्नी कसं मारू? आणि त्यांना म्हणाला, भावांनो, ह्येला मारायचं त्ये मी मारतो रोज. तुमी नका मारू, ह्येला समजत न्हाई."

पहिला पाइप खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. खाली पडल्यावरही मारत होते. त्याची उजवी बाही खालीच होती, सरकवलेली नव्हती, हे पेंडशांनी मला दोनदा सांगितलं. यंत्र त्यांनी फोडलंच. थोड्याच दिवसांत त्याच्या जागी नवं आलं, आधीच्यापेक्षा लहान आणि वेगवान. शेडग्याचा जीव कुणी घेतला ते कधी ठरलं नाही. मला त्या माणसांचा राग येतो, आणि त्याचाही येतो. जन्मभर नको तिथे उचललेला हात त्याने नेमका त्या दिवशी का आवरला, म्हणून.

पुढच्या वैशाखात मी एकटीच पवनानगरला गेले. पाणी खाली होतं. सरूमावशी जोत्यावर होती, डाव्या हाताने सारवत होती. उजवा हात चिंधीने पोटाशी बांधलेला. बोटं सुजून वेडीवाकडी जुळली होती.

"काय लागलं, मावशी?"

"लागलं न्हाई. म्याच ठेचलाय, दगडानं." तिने वर पाहिलं नाही. "ह्यानंच हाकाललं हुतं त्याला."

मी पदर खोचला, पाटीतलं शेण घेतलं आणि तिच्या उजव्या बाजूला बसून सारवायला लागले. पाटी रिकामी झाली तेव्हा तिने माझ्या बाजूची जमीन बघितली. माझ्या बोटांचे फिके वळसे, शेजारी तिच्या डाव्या हाताचे ओबडधोबड.

"तुजा हात हलका हाय," ती म्हणाली. "त्याचा लय जड हुता. माज्यावर गेलता."