समोर तिघीच

कळंबच्या हर्षलाबद्दल तालुक्यातले कबड्डीवाले एवढंच बोलायचे की, पोरगी धीट आहे, पण पकडली जाते. बोलणाऱ्यांचं काय जातं? चढाईला जाते एकटीच, पण समोर किती जणी उभ्या असणार ते तिच्या मागच्या सहाजणी ठरवतात. त्यांनी पकडी केल्या तर समोरच्या बाद होऊन बाहेर बसतात, अंगण मोकळं होतं. हर्षलाच्या मागच्या पोरींना पकडच जमत नव्हती. पकडी करणाऱ्या दोघी लग्न होऊन गेल्या आणि उरल्या सगळ्या नवख्या.

त्यामुळे चार वर्षं हर्षला दर वेळी सातजणींच्या तोंडी जात होती. सातजणींत खोल शिरणं म्हणजे बाद होणंच. समोर सहा किंवा सात असल्या तर बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून परतलं तरी एक गुण मिळतो. हर्षलानं तेवढंच घोटून घोटून पक्कं केलं. संघ हरायचा, पण तिच्या बोनसांमुळे अगदीच लाज जायची नाही.

खोपोलीच्या एका क्लबानं तिला दोनदा बोलावलं होतं. गेली असती तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण आपण गेलो तर गावचा संघच मोडेल, म्हणून बाईसाहेब राहिल्या. आता ती सत्तावीस वर्षांची होती, सकाळ-संध्याकाळ रिसॉर्टात खोल्या आवरत होती. जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर खेळाडू म्हणून पोलीसभरतीत जागा मिळण्याची आशा होती. वयाच्या हिशोबानं हे शेवटचं वर्ष होतं.

निवड शिळफाट्याच्या मैदानावर होती. कळंबचा संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला. निवड करणारे जगदीश सर स्वतः जुने खेळाडू. त्यांनी वहीत हर्षलाच्या नावापुढे पाच वेळा पकड लिहिली आणि पान उलटलं. तेव्हा ती तडक त्यांच्या टेबलापाशी गेली.

"सर, समोर किती होत्या ते पण लिवा ना. पाची वेळा साती जणी उभ्या होत्या. मला एकदा चांगल्या पोरींसंगं खेळवा, मग काय ते ठरवा."

सरांना ते पटलं. माणूस न्यायाचा होता. त्यांनी सराव सामना लावला आणि हर्षलाच्या मागे खोपोलीच्या नावाजलेल्या पोरी उभ्या केल्या. त्यांनी बघता बघता चार पकडी केल्या, आणि हर्षला चढाईला निघाली तेव्हा समोर तिघीच उरल्या होत्या.

एवढी मोकळी जागा तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती सवयीनं धावली, बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला आणि झटकन परतली. पंचाचा हात वर गेला नाही. समोर तिघी असताना बोनस नसतो, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दुसऱ्या चढाईला तिनं खोल जायचं ठरवलं, तर मधल्या मोकळ्या जागेत पाय उचलेचना. ती रिकामी परतली. लागोपाठ तिसरी चढाई रिकामी गेली तर बाद. ती दात-ओठ खाऊन धावली, आणि पाय पुन्हा त्याच रेषेकडे गेले. कोपऱ्यातल्या पोरीनं आयता घोटा धरला.

जगदीश सरांनी तिला बाजूला बसवून पाणी दिलं. म्हणाले, "पोरी, तुझा दोष नाय. पन मला आता तू जशी हायेस तेवढंच बघून ठरवायला लागतंय." त्यांनी यादी वाचली. तिचं नाव नव्हतं.

परतीचा टेंपो कर्जतला आला. मग छाया, म्हणजे जिच्या हातून सकाळी चार पकडी सुटल्या होत्या ती बारावीतली पोर, हळूच सरकली आणि म्हणाली, "ताई, आमच्यामुळं झालं का गं?"

हर्षलाच्या घशाशी हो आलं होतं. ते तिनं गिळलं.

"नाय गं. मलाच खेळ येत नाय."

पोरीला बरं वाटावं म्हणून ती बोलली होती. पण कळंब येईपर्यंत तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं.